बुटांचे सोल बघणारे काका

डोंबिवली स्टेशनबाहेर चपला शिवणारे एक काका बसतात. कुणाचीही चप्पल आली की आधी उलटी करून सोलवरून अंगठा फिरवतात.

तीन वर्षांपूर्वी माझ्या सहा वर्षांच्या मुलाचे बूट दिले, तर अंगठा मध्येच थांबला. "ताई, पुढूनच झिजलेत. पोरगं टाच टेकत नाही का?"

मी हसले. सासूबाईंच्या तेलमालिशीने त्याच्या पोटऱ्या कशा टणक झाल्यात, ते कौतुकाने सांगितलं.

"जमिनीवरून उठतो कसा?"

"मांड्यांवर हात रेटत."

"डॉक्टरला हे बूट दाखवा."

आले मोठे डॉक्टर, असं मनात म्हणत दाखवले. रक्त तपासलं, आणखी चाचण्या झाल्या. स्नायू दुबळे होत जाणारा आजार निघाला. आमच्या कौतुकाच्या पोटऱ्या म्हणजे त्याचंच लक्षण होतं.

काकांचे आभार मानू की त्यांच्यावर चिडू, मला अजून कळत नाही. समोरून जाताना कधी हसते, कधी मान फिरवते.

परवा मुलाच्या बुटाची उसवलेली पट्टी शिवायला नेली. सवयीने त्यांनी बूट उलटा केला, अंगठा फिरवला. वर्षभर वापरलेल्या बुटाचा सोल नवाकोरा होता.