दुभाष्याने गिळलेलं वाक्य

ही हकीकत सांगायची म्हटलं की मला नेमकं दुसरं काम आठवायचं. कारखाना एकाएकी का सोडलात, असं माझ्या लेकीने विचारलं तेव्हा मी पाठदुखीवर भागवलं. पाठ माझी आजही ठणठणीत आहे.

आनेकलजवळच्या एका कपडे शिवायच्या कारखान्यात मी कामगार-अधिकारी होतो. आम्ही बेळगावकडचे, घरात मराठी, बाहेर कन्नड, हिंदीही बरी. ओडिशा-झारखंडच्या मुली भरती झाल्या, त्यांना कन्नड येईना, आमच्या साहेबांना हिंदी. मध्ये मी.

लाइनवरचा सुपरवायझर या मुलींना ‘जंगली’ म्हणायचा, वेणी ओढून मशीनवर बसवायचा. शेवटी झारखंडची एक मुलगी सगळ्यांच्या वतीने साहेबांच्या खोलीत आली. सोबतीला इथलीच एक शिलाईवाली अक्का होती, तिला दोन्ही भाषा कळायच्या. मुलगी हिंदीत बोलली, अडखळली नाही. “तो आम्हाला जंगली म्हणतो, अंगाला हात लावतो. सगळ्या लाइनसमोर त्याने माफी मागावी. नाहीतर उद्या आम्ही मशीनवर बसणार नाही.”

मोठा माल जायचा होता. माझी चुळबुळ सुरू झाली. मी साहेबांना कन्नडमध्ये सांगितलं, मुलींना घरची आठवण येते, होस्टेलचा भात मानवत नाही, सुपरवायझरने जरा गोडीने घ्यावं.

“सर, ती हे बोलली नाही,” अक्का दबक्या आवाजात मला म्हणाली.

“अर्थ तोच की, अक्का.”

“मग माफी कुठं गेली? भातात?”

साहेबांना त्यातला ‘भात’ तेवढा ऐकू आला, गंमत वाटली. त्यांनी हसत तांदूळ बदलायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ताटात उकड्या तांदळाचा भात आला, आणि मुली बोलल्याप्रमाणे मशीनवर बसल्या नाहीत. इथल्या बायकाही त्यांच्याबरोबर उठल्या. साहेब भडकले. मागितलं ते दिलं तरी ही मस्ती, म्हणाले. त्या झारखंडच्या मुलीने काय मागितलं होतं, हे तेव्हा एका वाक्यात सांगता आलं असतं. मी पाणी प्यायला बाहेर गेलो. संध्याकाळपर्यंत तिला कामावरून काढलं, होस्टेलही सोडायला लावलं. सुपरवायझर होता तिथेच राहिला. पुढे मीच तिथे टिकलो नाही.

ती गावी परतली नाही, हे मला अलीकडे कळलं. आनेकलला दर रविवारी कामगार बायकांच्या बैठका घेते म्हणे. तेव्हापासून घरात माझं बूड टेकेना. एका रविवारी निघालो आणि अर्ध्या वाटेत उतरून परत आलो. पुढच्या रविवारी पोचलो.

एका शेडमध्ये सतरंज्या टाकून बायका बसल्या होत्या, इथल्या आणि परगावच्या, मिसळून. नवी आलेली एक मुलगी हिंदीत सांगत होती की बाहेरची म्हणून घरमालक तिला खोली देत नाहीत, देतात ते रात्री दार वाजवतात. तेव्हा कन्नड न येणारी ती झारखंडची मुलगी आता तेच इथल्या बायकांना कन्नडमध्ये सांगत होती. दर दोन वाक्यांनी थांबून त्या नव्या मुलीला विचारायची, “बरोबर सांगितलं ना?” मुलगी मान हलवायची, मगच पुढे.

मी दाराशी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभा होतो. बैठक संपल्यावर ती समोर आली. तिने ओळखलं.

“बसा ना, सर. काही काम होतं?”

माझ्या हातून तुझ्यावर अन्याय झाला, मला माफ कर. एवढं वाक्य मी कन्नडमध्येही घोकून आलो होतो, हिंदीतही. ती वाट बघत होती.

मी विचारलं, “इथून परतीची बस कुठे मिळते?”

तिने रस्त्यापर्यंत येऊन मला थांबा दाखवला.