पांढरं पीक

नव्या शहराच्या भरावाखाली मिठागर गेलं आणि गोटीरामच्या हाती आलं काय, तर पावणे गावच्या कारखान्यात, प्रयोगशाळेतल्या काचा धुवायचं काम!

तिथल्या संशोधक काळसेकरबाईंनी महिनाभर एका बशीत द्रावण ठेवलं होतं. त्यात एकच मोठा स्फटिक वाढायला हवा होता. त्यावर क्ष-किरण सोडले की फिल्मवर ठिपके उमटतात आणि आतली रचना कळते. बशीला धक्काही लावायचा नव्हता.

एका सकाळी गोटीरामला बशीवर पापुद्रा धरलेला दिसला. मिठागरात असा पापुद्रा बाप लगेच फळीने मोडायचा. जन्माची सवय, त्याने काचेच्या कांडीने तो मोडला आणि हलक्या हाताने ढवळलं.

बशीत नुसता चुरा उरला. बाईंनी तरी फिल्म काढली. ठिपके नव्हतेच, भुकटीची गोल कडी तेवढी उमटली.

"कुणी हात लावला?"

"मी, बाई. पापुद्रा मोडला नाय तं दाना धरत नाय."

बाई रागावल्यासुद्धा नाहीत. फिल्म टेबलावर टाकून त्या बाहेर गेल्या.

गोटीरामने बशी धुवायला घेतली. बोटांना दाणे लागले, बारीक, शुभ्र, एकसारखे. असं पीक पाहून बापाने पाठ थोपटली असती.

त्याने नळ सोडला.