न विचारता उघडणारी खिडकी

तिला सगळे झाडूताई म्हणतात. घरोघरी जाऊन ती कंप्युटरमधली घाण काढते. गाणी वाजवणारं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घ्यावं, तर मधल्याच पानावर कुणीतरी आपल्या वतीने होकाराची खूण आधीच करून ठेवलेली असते. घाईत 'पुढे' दाबलं की त्याच्यासोबत चार आगंतुक प्रोग्राम आत घुसतात. असल्या खुणा करून ठेवणाऱ्यांना झाडूताई जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिचा स्वतःचा नियम पक्का. मालकाला शेजारी बसवायचं, एकेक आगंतुक दाखवायचा, "काढू?" म्हणून विचारायचं आणि मगच काढायचा. न विचारता काम करतात ते चोर.

त्या दुपारी तिला एका काकूंनी बोलावलं होतं. त्यांचे यजमान नुकतेच झोपेत वारले होते. कंप्युटर त्यांचाच.

"हृदय बंद पडलं. त्यांना कळलंसुद्धा नाही, तेवढंच समाधान," काकू म्हणाल्या. खोलीचे पडदे ओढलेले होते, खुर्चीच्या पाठीवर अजून त्यांचा स्वेटर होता. "कुणी हात लावत नाही, तरी मधेच खिडक्या उघडतात हो यात. छातीत धस्स होतं."

बोलता बोलता एक उघडलीच. घरी ठेवता येणाऱ्या हॉस्पिटलच्या पलंगाची जाहिरात. मग दुसरी, कमजोर हृदयासाठी तज्ज्ञांचा सल्ला. माणूस काय शोधतो ते हा आगंतुक टिपून ठेवतो आणि तसल्याच जाहिराती पुढे करतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे काकांना सगळं कळलं होतं. तेवढ्यात तिसरी आली: 'जोडीदाराला कसं सांगाल? आमच्या समुपदेशकांशी बोला.'

काका अजून त्या खुर्चीत बसून विचारताहेत असं वाटलं तिला. भीती वाटली, अगदी खरी भीती.

तिने नियम मोडायचं ठरवलं. "काकू, जरा पाणी आणता?" त्या आत गेल्या की सगळं पुसून टाकायचं.

काकू हलल्या नाहीत. "वाचलंय मी. रोज येतं ते. लोकांना आपलं सांगते, त्यांना कळलं नाही म्हणून." मग म्हणाल्या, "मी शेजारच्या खोलीत असायचे. आणि हे इथे बसून परक्यांना विचारत होते."

झाडूताईच्या तोंडून सवयीने निघालं, "काढू?"

"काढा. पण आधी एवढं बघून सांगा. त्यांना कुणी उत्तर दिलं होतं का?"

जन्मात कधी न दाबलेली जाहिरात झाडूताईने दाबली. आत कार्डाचा नंबर मागणारं पान उघडलं. बाकी काही नव्हतं.