न आलेल्यांची नावं

गोदाअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. कलबुर्गीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी औषधशास्त्र शिकवतो, आणि त्या दिवशी नेमका विषय होता, एखाद्या औषधाचा पुरावा कसा तोलायचा. फळ्यावर दोन चौकटी काढल्या होत्या, औषध मिळालेले आणि न मिळालेले. फोन अक्कांच्या मुलीचा, सुजाताचा. ती बीदरला शाळेत शिक्षिका आहे. "काका, आई गेली. पहाटे झोपेतच," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "तुमच्यासाठी एक पिशवी ठेवलीय तिनं. तुमच्याच हातात द्यायला सांगितलंय." मी वर्गात परत आलो, खडू उचलला आणि तास पूर्ण केला. माझ्याविषयी एवढं सांगितलं तरी पुरे आहे. "तुम्ही लई गप माणूस, डॉक्टर," असं अक्का म्हणायच्या. गप राहणं हा माझा स्वभाव आहे असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. खरं तर ती माझी सोय होती. अक्कांना जाऊन आता दीड महिना झाला, आणि आज मी ती सोय मोडतो आहे.

बीदर जिल्ह्यात चिटगुप्प्याच्या पुढं एका बाजारगावात सरकारी आरोग्य केंद्र होतं. एमबीबीएस होऊन मी तिथं रुजू झालो तेव्हा गोदावरी सिस्टर तिथं बारा वर्षं मुरलेल्या होत्या. सगळा गाव त्यांना अक्का म्हणायचा, मीही म्हणायला लागलो. मंगळवारी बाजार. आसपासची माणसं बाजार करून दवाखान्यात यायची नाहीतर दवाखाना करून बाजाराला जायची, त्यामुळं साखर, रक्तदाब, क्षय, सगळ्यांना पुढची तारीख मंगळवारचीच दिलेली असायची. दुपारी दोनला गर्दी ओसरली की चहा यायचा. कप मांडले की अक्का प्रत्येक कपावर बशी झाकायच्या आणि रजिस्टर उघडायच्या. त्या दिवशी ज्यांना बोलावलं होतं पण जे आले नाहीत, त्यांची नावं वाचायच्या. ती संपेपर्यंत बशी काढायची नाही, असा त्यांचा नेम.

"बसप्पा?"

"भाचीकडं आळंदला गेलाय," शिपाई सांगायचा.

"रुक्मिणबाई?"

"तूर काढायलीय. उद्या येतो म्हनली."

"लालबी?"

कुणीच काही बोललं नाही. कुणीच काही बोललं नाही की अक्का खिशातून लाल पेन काढायच्या आणि त्या नावाभोवती गोल करायच्या.

"अक्का, चहाचं पाणी झालं," मी वैतागून म्हणालो होतो. नवीन होतो.

"व्हऊ द्या की. चहा पुन्ना करता येतोय. लालबी कुठनं आनायची?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या लालबीच्या गावाला गेल्या. लालबी ओसरीवर पडली होती, रक्तातली साखर उतरून बेशुद्ध. वाचली. परत आल्यावर अक्का मला एवढंच म्हणाल्या, "आल्यालं मानूस सोताच्या पायानं आल्यालं असतंय, डॉक्टर. त्याचं निम्मं काम त्याच्या पायानंच केल्यालं असतंय. न्हाई आल्यालं बघत जावा." अक्कांच्या वडलांनी छप्पन्ननंतर धम्म घेतला होता. कुणी सांगितलं म्हणून मानू नको, जाऊन बघ, हे त्यांनी मुलीला शिकवलं होतं. मी लिंगायतांच्या अडत दुकानातला, दासोहाच्या पंगतीत वाढलेला. आलेल्याला पोटभर वाढावं हे आम्हाला शिकवतात. न आलेल्याची चौकशी करायला मला अक्कांनी शिकवलं... आणि मी ते विसरलो. विसरलो हेही खरं नाही. आठवत असताना बाजूला ठेवलं.

पुढं मी एमडी झालो, कलबुर्गीला आलो. माझ्या एमडीच्या मार्गदर्शक सरांनी मला हाताशी धरलं. अकरा वर्षांपूर्वी हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदारानं गुडघेदुखीची एक गोळी बनवली. झाडपाल्याची आहे, अपाय नाही, असं त्याचं म्हणणं. तिची चाचणी सरांनी घेतली. पद्धत नेहमीची. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला हुबेहूब पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे रुग्णाला माहीत नाही, देणाऱ्या नर्सलाही माहीत नाही. ती यादी एका कपाटात बंद, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडं. अहवाल लिहायचं कामही माझंच. रुग्ण अक्कांच्या केंद्रातले घेतले, कारण अक्का असल्या की लोक नाही म्हणत नसत. आणि तपासणीचा वार ठेवला मंगळवार. बाजाराला येतातच, रक्त देऊन जातील, असा हिशोब. मीच सुचवलं होतं ते.

या मंगळवारातच चूक होती. बाजाराला कोण येतं? ज्याला चालवतं तो. ज्याचे पाय सुजले, ज्याची लघवी कमी झाली, जो अंथरुणाला खिळला, तो बाजाराला येत नाही. आलेल्यांचं रक्त तपासलं, मूत्रपिंडं ठणठणीत. गुडघेही बरे. कागदावर अशी सुंदर चाचणी मी पुन्हा पाहिली नाही.

तीन महिने झाल्यावर एका दुपारी अक्का बसनं कलबुर्गीला आल्या. पदरानं तोंड पुसलं आणि एक कागद माझ्यापुढं ठेवला. जे जे तपासणीला आले नव्हते त्या सगळ्यांच्या घरी त्या जाऊन आल्या होत्या. बहुतेकांपुढं लिहिलं होतं, पुण्याला बांधकामावर, फोनवर बोलणं झालं, धडधाकट. अकरा नावांभोवती लाल गोल. त्यातली दोन पुन्हा खोडलेली.

"ही दोन का खोडली?"

"हा हनमंत साप चावून गेला. गोळीचा न्हाई त्यो. आन ही म्हातारी आधीपासनं मूत्रपिंडाची, तिला घ्यायलाच नको हुतं. ऱ्हायले नऊ. चार वारलेत, पाच सुजून पडलेत."

"दोन नावं जास्त असली तर लोक लवकर ऐकतील, अक्का."

"कामून? एक खोटं नाव घातलं की खरी नऊबी खोटी पडत्यात." मग माझ्या कपाटाकडं बघून म्हणाल्या, "ह्यातल्या कुनाला खरी गोळी हुती मला ठाव न्हाई. ते हितं हाय. जुळवून बघा."

त्या गेल्यावर मी दार लावलं आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. नऊच्या नऊ खऱ्या गोळीचे होते. पुण्याला गेलेले दोन्ही गटांतले, सरमिसळ. आजारी पडलेले मात्र एकाच गटातले. ज्या बाईला कोण कुठल्या गटात हे माहीतच नव्हतं, तिनं निवडलेली नावं अशी एका बाजूला पडणं योगायोगानं होत नाही. याहून स्वच्छ पुरावा मी नंतर कधी पाहिला नाही, आणि त्या दुपारी तो जगात फक्त मला माहीत होता.

मी सरांकडं गेलो. त्यांनी कागद हातातही घेतला नाही. "अरे मल्लिकार्जुन, ओसरीवर बसून गोळा केलेल्या गप्पांना तू पुरावा म्हणायला लागलास? आराखड्यात घरभेट आहे का?"

"नाही, सर."

"मग? तुझ्या प्रमोशनची फाईल वर गेलीय, आणि तू नर्सचे कागद घेऊन फिरतोयस."

त्यांच्या बोलण्यातलं अर्धं बरोबर होतं, म्हणूनच ते घातक होतं. घरी जाऊन विचारलेलं म्हणजे रक्ताची तपासणी नव्हे. पण मग उत्तर सोपं होतं. गाडी काढायची, नऊ घरं गाठायची, जिवंत पाच जणांचं रक्त घ्यायचं. एका दिवसाचं काम. मी ते केलं नाही. मी अहवालात एक वाक्य लिहिलं, "तपासणीस न आलेले रुग्ण हंगामी कामासाठी परगावी गेले असावेत." चार वारलेल्या माणसांना मी एका वाक्यात परगावी धाडलं. आठवड्यानं अक्कांचा फोन आला. "जुळवलंत?"

"जुळवलं, अक्का. तसं काही दिसलं नाही."

"बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गोळी बाजारात आली. रुग्णांना घाबरवलं म्हणून अक्कांना नोटीस निघाली आणि नोकरीची शेवटची वर्षं औरादच्या पलीकडच्या उपकेंद्रात गेली, घरापासून दोन बस बदलून. त्यांनी कुठं तक्रार केली नाही. कशाच्या जोरावर करणार? त्यांच्याकडं फक्त नावं होती. मी प्राध्यापक झालो, पुढं विभागप्रमुख.

दोन वर्षांपूर्वी हुमनाबादच्या स्टँडवर त्या अचानक दिसल्या. निवृत्त झालेल्या, केस पांढरे, हातात तीच कापडी पिशवी. मी कॅंटीनमध्ये नेलं, दोन चहा सांगितले. सुजाताचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. चहा आला. अक्कांनी आपल्या कपावर बशी झाकली.

"घ्या की, अक्का."

"शरनम्माच्या घरचं कुनी भेटलं का वो तुम्हाला?"

"नाही."

"मौलासाबच्या?"

दोन्ही नावं त्या यादीतली होती. बीदरची बस लागली. अक्का उठल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या. बशी तशीच. मी माझाही चहा पिऊ शकलो नाही. तीच शेवटची भेट.

अक्कांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, सर आले होते. हातात माईक घेऊन म्हणाले, "गोदावरीबाई आमच्या संशोधनाचा कणा होत्या." सुजाता खाली बघत होती. कार्यक्रम संपल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. त्या गोळीचा खप मध्यंतरी उतरला होता, आता कारखानदार ती नव्या नावानं आणतो आहे, जास्त ताकदीची. परवान्यासाठी पुरावा म्हणून आपला जुना अहवालच जोडायचा आहे. "दोन ओळींचं पत्र लागेल. निष्कर्ष आजही कायम आहेत, एवढंच. तू सही कर." अक्कांच्या फोटोपुढची मेणबत्ती अजून विझली नव्हती.

घरी येऊन पिशवी उघडली. आत त्या यादीची अक्कांच्या हातची प्रत होती आणि लाल पेन. चिठ्ठी नाही, आरोप नाही.

इथं मला स्पष्ट लिहायचं आहे. मला सूड हवा आहे. स्मृतिलेखात हा शब्द शोभत नाही हे मला कळतं. पण अक्कांच्या नावानं माऊली, करुणामूर्ती असले शब्द लिहून मोकळं व्हायला माझा हात धजत नाही. सरांची मान खाली झालेली मला बघायची आहे, कारखानदाराच्या दाराला कुलूप बघायचं आहे. पहिले दोन दिवस तर मी इतका पेटलो होतो की हणमंतचं नावही पुन्हा यादीत घालणार होतो. तोही खऱ्या गोळीचाच होता. साप कुणी पाहिला? नऊपेक्षा दहा बरे दिसतात. पण त्या नावावरची अक्कांची आडवी लाल रेघ अजून ठसठशीत होती. सूड घ्यायचा तर अक्कांच्या रीतीनंच घ्यावा लागणार होता.

म्हणून मी सुजाताला घेऊन निघालो. अकरा वर्षं उशिरा, नऊ घरं. आळंदच्या बाजूला एका गावात शरणम्माच्या नवऱ्यानं मला खालीवर बघितलं. "अक्का तवाच येऊन गेल्या. तुमी आत्ता यायलाव व्हय?"

"होय, अप्पा."

"कामून?"

"तेव्हा घाबरलो होतो."

"न्हाई," म्हातारा म्हणाला. "घाबरल्यालं मानूस पळून जातंय. तुमी तर साहेब झालाव." आणि तरीही त्यानं आत जाऊन कलबुर्गीच्या दवाखान्याचे कागद आणून दिले, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले. तारखा गोळीच्या तारखांशी जुळतात. नऊपैकी सहा घरांत असे कागद मिळाले. तीन घरांत नाही मिळाले, आणि नाही मिळाले असंच मी लिहिलं आहे. त्या पाचांतली आज दोघंच जिवंत आहेत. एकीचं रक्त मी स्वतः काढलं. मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली आहेत.

कपाटातल्या यादीची माझी प्रत, अक्कांची यादी, घरोघरचे कागद आणि माझा कबुलीजबाब, हे सगळं मागच्या सोमवारी परवाना देणाऱ्या कार्यालयाला आणि डॉक्टरांवर कारवाई करणाऱ्या परिषदेला रजिस्टर पोस्टानं गेलं. दोषी म्हणून पहिलं नाव माझं आहे. माझी नोकरी जाईल, कदाचित पदवीही. मी सरांना सोबत घेऊन बुडणार आहे, आणि याचा मला जो आनंद होतो आहे तो मी लपवत नाही. शरणम्मा, मौलासाब, विठाबाई, नागप्पा, काशीबाई, दस्तगीर, सिद्रामप्पा, पार्वतीबाई, तुळजाबाई. हे लोक परगावी गेले नव्हते.

काल सरांचा फोन आला. आवाज मऊ. "तू काहीतरी पाठवलंयस म्हणे. अरे, घरातली गोष्ट आहे ही. उद्या चहाला ये, बसून बोलू."

"येतो, सर," मी म्हणालो. "फक्त कपांवर बशा झाकून ठेवायला सांगा. मी एकेक नाव घेईन. कुठं गेले ते तुम्ही सांगायचं."

सरांनी फोन ठेवला.

अक्कांचं लाल पेन माझ्या खिशात आहे. घासून बघितलं, अजून उमटतं.