विलायतेच्या जिभेचा जाणकार

हसणार नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाहीतर राहू द्या, चहा प्या आणि सुटा. कारण या प्रकरणाला इतकी वर्षं झाली, तरी आमच्या गल्लीतून जाताना मी अजून मान खाली घालून जातो.

शिरपूरजवळ आमचं गाव. जिकडे बघावं तिकडे कापूस आणि केळी. मी नुकताच बी.कॉम. झालेलो, आणि ऐंशीच्या त्या दिवसांत बी.कॉम. झालेल्या पोरांना एकच रोग व्हायचा, काहीतरी वेगळं करून दाखवायचा. तशात शिरपूरच्या एका तेलगिरणीत मला देसाईसाहेब भेटले. मुंबईचे निर्यातदार, सरकीच्या पेंडीचा सौदा करायला आलेले. बोलता बोलता म्हणाले, "ज्याचा साबुदाणा करतात ना, तो कंद लावून बघा. त्याच्या वाळलेल्या चकत्या जहाजं भरभरून युरोपात जातात."

झालं. माझं डोकं त्या जहाजात जाऊन बसलं. पेंडीचा व्यापारी आपल्याला चकत्यांचं का सांगतोय, त्या खातं कोण, काही म्हणजे काही मी विचारलं नाही. अहो, साबुदाण्याची सख्खी बहीण ती, खाणार कोण? माणूसच. तुम्ही तरी विचारलं असतं का?

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांचं बोलणं मुळातच कमी. केळीतला विहिरीजवळचा तुकडा त्यांनी मला दिला आणि एवढंच म्हणाले, "एक साल तुनं. माल नही गया, त पुढना साले परत केळी."

म्हणजे माल गेला तर मी शेतकरी, नाही गेला तर आबांच्या हाताखाली शिकलेला सालदार.

केळीच्या ट्रकवाल्याने दक्षिणेकडून लागवडीच्या कांड्या आणून दिल्या. कंद चांगला पोसला. आता चकत्या वाळवायच्या कोणी? आमच्या गल्लीत वाळवण म्हणजे अक्काचं राज्य. अक्का माझी थोरली काकू. तिला म्हटलं, "अक्का, तुझ्या हातच्या चकत्या विलायतेला जाणार."

"उपासले चालस का हाई?"

"साबुदाणा चालतो, मग हे का नाही चालणार?"

तेवढं पुरलं. उपासाचा जिन्नस ठरल्यावर आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, आंघोळ केल्याशिवाय कोणाला पाय ठेवता येईना. बायका धुतलेली लुगडी नेसून साली काढतायत, चकत्या पाडतायत, वाफवतायत. मीठ साधं नाही, शेंदेलोण. वर जिरं आणि लाल तिखट. लसणाची चटणी खाऊन आलेल्या एका बाईला अक्काने शिडीवरूनच परत पाठवलं.

आणि मी काय करत होतो? मी चाखत होतो. रोज ताटभर चकत्या तळून घ्यायच्या, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "अक्का, तिखट अजून चिमूटभर. विलायतेची जीभ मला कळते. मला आवडलं म्हणजे त्यांना आवडलंच समजा." हे मी इतक्यांदा म्हटलं की गल्लीला पाठ झालं. तुम्हीही लक्षात ठेवा.

मध्ये एकदा पोस्टातून साहेबांना फोन लावला. तिकडे चव कशी लागते, विचारलं.

"चवीचं काय घेऊन बसलात? पुढ्यात टाकलं की खातात."

मला जरा नवल वाटलं. "साल पातळ काढायची का?"

"काढूच नका. सालासकट खातात. माती तेवढी नको."

"आणि खातात कधी? नाश्त्याला?"

"दिवसभर. खायचं आणि पडून राहायचं. वजन वाढलं पाहिजे ना."

फोन ठेवला आणि पोस्टातून बाहेर पडलो. श्रीमंत देश आहेत, हे ऐकून होतो. पण इतके? घरी येऊन अक्काला सगळं सांगितलं, तर तिचा जीव कळवळला.

"माय वं. रांधीसन घालनारं कोनी नही व्हई त्यास्ना घरमा."

त्या दिवसापासून तिने चकत्यांवर लिंबूही पिळायला सुरुवात केली.

पोती भरली, तसे साहेब नमुना बघायला जीपने आले. धाब्यावर बायका ओळीने उभ्या, अक्काच्या हातात ओवाळायचं ताट, पोत्यांवर कुंकवाची स्वस्तिकं. आबा कठड्याला टेकून बसलेले. ओवाळून घेतानाच साहेब बावचळले होते. त्यांनी पोत्यात हात घातला, एक चकती दाताखाली धरली आणि खोकत सुटले.

"यात तिखट आहे?"

"आहे ना. शेंदेलोण आहे, लिंबू आहे. उपासालाही चालतात, साहेब."

साहेबांनी पोत्यावरचं स्वस्तिक बघितलं, अक्काच्या हातातलं ताट बघितलं. शेवटी ते हळूच म्हणाले, "अहो, पण डुकरं तिखट खात नाहीत."

"कोणती डुकरं?"

"युरोपातली. ज्यांच्यासाठी माल चाललाय."

मी पोस्टातला तो फोन मनातल्या मनात पुन्हा ऐकला. सालासकट. दिवसभर. पडून. वजन. सगळं लख्ख जुळलं. धाब्यावरून उडी टाकावीशी वाटली, पण खाली म्हशी बांधल्या होत्या.

साहेब भला माणूस. "दुसरा नमुना करा," म्हणाले. "सालासकट, बिनमिठाचा. पुढच्या आठवड्यात माझा माणूस येऊन नेईल." आणि जीप गेली.

अक्काने ताट खाली ठेवलं. आता या बायका उठून जाणार, तुकड्यात केळी लागणार, संपलं आपलं, असं वाटून मला खरंच रडू यायला लागलं. उन्हाळाभर त्या माझ्या शब्दावर राबल्या होत्या हो. पण अक्काला हसू फुटलं. हसता हसता ती खालीच बसली.

"सारी गल्ली आंघोयी करीसन बसाडी तू. डुकरंस्करता."

नमुना त्यांनी केला. आंघोळी न करता, लसणाची चटणी खाऊन. वाफवून तेवढ्या घेतल्या, बाकी काही नाही. पोतं भरलं, सुई-दोरा आला, तेवढ्यात आबा उठले. पोत्यातली एक चकती काढून माझ्यापुढे धरली.

"चाख."

"आबा, हे डुकरांचं आहे."

"माले मालूम शे. तूच सांगस ना, तुले आवडनं म्हणजे त्यास्ले आवडनं. तू चाखं नही, त पोतं कसं शिवानं?"

सगळी गल्ली माझ्या तोंडाकडे बघत होती. मी चकती तोंडात टाकली. कडक, सालासकट, बिनमिठाची. चावली, गिळली.

"कशी शे?" अक्काने विचारलं.

मी 'वाईट आहे' म्हणणार होतो. पण तुम्हाला खरं सांगतो, माझा हात माझ्या नकळत दुसऱ्या चकतीसाठी पोत्यात गेला होता.

आबांनी तो हात बघितला आणि सुई अक्काकडे दिली.

"शिव वं पोतं. माल पास शे."