सहीवाचून राहिलेला डोळा

साल लक्षात नाही. गिरण्यांच्या संपानंतरची गोष्ट. मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यात राहायचे आणि अंधेरीच्या बाजारात मासळी विकायचे. नवरा वारला होता. मुलगा लग्न करून मुलुंडला गेला होता.

आठवडाभरातच माझा उजवा डोळा लाल होऊन पुढे यायला लागला. बाजारात शेजारी बसणारी म्हणाली, "पापलेटाचा डोळा वर आला तर ताजं म्हणून गिऱ्हाईक घेतं गं. तुझा आला तर पळतं." खरंच पळायचं.

मोठ्या इस्पितळात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरने दुखतं का विचारलं. मी नाही म्हटलं. आमच्यात पाटीवर बसणारी बाई दुखतं म्हणत नाही. म्हटलं की घरी बसवतात, आणि जागेवर दुसरीची पाटी येते. मग मशीनवर डोळ्यामागचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाला, गाठ आहे, कॅन्सर वाटतो, डोळा काढावा लागेल. सहीला घरचं माणूस आणा.

वाण्याकडून मुलाच्या कचेरीत फोन केला. बघतो म्हणाला. मला भरती केलं, पण सही नाही म्हणून ऑपरेशन अडलं. बाकीच्या बायांना डबे यायचे. मी भिंत बघत पडायचे.

एका सकाळी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पापणीवर बोट दाबलं. मी तोंडातून आवाज काढला नाही, पण हाताने त्यांचा कोट धरला.

"मावशी, दुखतंय ना?"

"तेवढं चालतं."

"झोप लागते?"

"नाही. डोळा हलवला तरी कळ मस्तकात जाते."

त्या चिडल्या. हे आधी का सांगितलं नाही म्हणाल्या. मग समजावलं. इतक्या झटपट आलेली, लाल आणि एवढी दुखणारी गाठ नुसती सूजही असू शकते. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. आधी सूज उतरायच्या गोळ्या देऊन बघू, नाही उतरली तर तुकडा काढून तपासू.

गोळ्यांनी आधी कळ थांबली. मग डोळा हळूहळू आत बसला. कॅन्सर नव्हता.

त्यानंतर मुलगा सही करायला आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "आये, मग मला कशाला बोलावलंस? अर्धी रजा गेली ना."

"आलायस तर बस थोडा."

तो स्टुलावर बसला आणि घड्याळ बघायला लागला. मला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत होतं.