मधुवंतीचं गाळलेलं प्रकरण

मधुवंती सत्त्याण्णव साली आमच्या सप्तापूरच्या खोलीत भाड्यानं आली, तेव्हा तिच्याकडं कपड्यांची एक पिशवी आणि कागदांची तीन पोती होती. पोलिसांच्या पंचनाम्यावर प्रबंध लिहीत होती पोरगी. मी चौथी नापास. मला वाटायचं, एवढं शिकून शेवटी पोलिसांचंच अक्षर वाचायचं, तर शिकावं कशाला?

ती समजावून सांगायची. "अक्का, चोरीचा माल सापडला की पोलीस दोन परक्या माणसांना उभं करतात. त्यांच्यादेखत सगळं लिहून त्यांची सही घेतात. ते पंच."

"मला सांगतेस? आमचे हे नेहमीचे पंच आहेत."

ठाण्यासमोर ह्यांचं चहाचं दुकान. साहेबांनी हाक मारली की हात पुसून जायचं, सही करून यायचं. दुकान रस्त्यावर पुढं आलेलं, पण कधी कुणी उठवलं नाही. मी हळदीकुंकवाला मिरवायची, ह्यांच्या सहीवाचून सरकारचं अडतं म्हणून.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात, मी भाकरी थापत असताना तिनं विचारलं, "गेल्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी अण्णा कुठं होते?"

"बेळगावात. आमच्या लेकीला, सरस्वतीला माहेरपणाला आणायला गेले होते. पंचमीला सकाळी आले दोघं."

 मधुवंती आतून एक कागद घेऊन आली. त्याच दिवशी रायापुरात लोकेशच्या घरात चोरीची तांब्याची तार सापडल्याचा पंचनामा होता, आणि खाली ह्यांची सही. लोकेश म्हणजे लक्कव्वाचा मुलगा. लक्कव्वा आमच्या दारात भाजी घेऊन येते. मुलगा तुरुंगात, वरच्या कोर्टात अपील चालू.

ह्यांना विचारलं. म्हणाले, "नंतर केली सही. माल सापडलाच होता की."

"कुणी बघितला?"

टॉवेल खांद्यावर टाकून हे दुकानात गेले.

मधुवंती म्हणाली, "अक्का, हे मी लिहिणार. लोकेशच्या वकिलालाही देणार."

मी पीठ लागलेल्या हातांनीच तिचा हात धरला. "ह्यांना आत घालतील गं. दोन वर्षं माझ्या हातचं जेवलीस, मधू."

ते जेवण मी तिच्याकडून असं वसूल केलं.

चार दिवस ती जेवायला आली नाही. पाचव्या दिवशी आली, खाली मान घालून जेवली. प्रकरण गाळलं तिनं, वकिलाकडंही गेली नाही. तिच्या सरांना तर बरंच वाटलं म्हणे, पोलिसांनी कागद बघायला दिले होते ते काही त्यांच्याच चुका काढायला नव्हे. अपील फेटाळलं. मधुवंतीला पदवी मिळाली. आता ती पोलिसांनाच पंचनामा कसा लिहावा ते शिकवते. प्रबंधाची एक प्रत मला देऊन गेली. आमच्याकडं परत फिरकली नाही.

हे गेले, दुकानही गेलं. लोकेश शिक्षा भोगून आला, पण त्याला कुणी कामावर घेत नाही. लक्कव्वा अजून भाजी घेऊन येते. मी भाव करत नाही. ती शेजारपाजारी सांगत फिरते, अक्कांचं मन फार मोठं.